एक डॉलर आणि एक चिठ्ठी : न्यूयॉर्कच्या शाळांतील फोनबंदीचे प्रकरण

साधारण २०१० ते २०१४ या काळात न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स किंवा ब्रुकलिन भागातल्या एखाद्या मोठ्या सरकारी माध्यमिक शाळेपाशी सकाळी शाळा भरण्याच्या वेळी गेलेल्या माणसाला फाटकापासून थोड्या अंतरावर उभी असलेली एक व्हॅन आणि तिच्या खिडकीपुढे लागलेली मुलांची रांग दिसत असे. रांगेतला मुलगा पुढे सरकला की फोन बंद करून खिडकीतून आत देई, सोबत एक डॉलर देई आणि आत बसलेला माणूस त्याच्या हातावर क्रमांकाची चिठ्ठी ठेवी. ती चिठ्ठी दिवसभर जपायची, दुपारी शाळा सुटल्यावर पुन्हा त्याच रांगेत उभे राहायचे आणि चिठ्ठी दाखवून फोन सोडवून घ्यायचा. थंडी असो वा पाऊस, या क्रमात खंड पडत नसे, कारण शाळेच्या दारात धातुशोधक यंत्र बसवलेले होते आणि त्यातून फोन लपवून नेणे शक्य नव्हते. काही मुले व्हॅनऐवजी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे तेवढेच पैसे देऊन फोन ठेवत.

विद्यार्थ्यांनी स्वतःची उपकरणे शाळेत आणावीत की नाही, हा विषय गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघापुढे आला. तिथली चर्चा पहिल्या दहा मिनिटांतच "मोबाइल चांगला की वाईट" या ठरलेल्या वळणावर गेली आणि तिथेच अडकून पडली. त्या बैठकीच्या निमित्ताने मी न्यूयॉर्कचे प्रकरण मुळापासून वाचून काढले. एकाच शहराने वीस वर्षांत कडक बंदी, मग मोकळीक आणि मग पुन्हा बंदी असे तिन्ही मार्ग चोखाळले आहेत, म्हणून ते अभ्यासण्यासारखे आहेच. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे आमच्या बैठकीत कोणीही न विचारलेला एक प्रश्न त्या व्हॅनपुढच्या रांगेने माझ्यासमोर आणला. फोनविषयीचा नियम कोणताही असो, तो पाळण्याचा खर्च कोण सोसतो, हा तो प्रश्न.

नियम जुना, अंमलबजावणी नवी

न्यूयॉर्कची सरकारी शाळाव्यवस्था ही अमेरिकेतील सर्वांत मोठी. या कथेच्या काळात तिच्यात अकरा लाखांच्या आसपास विद्यार्थी होते. तिथल्या शिक्षण मंडळाने १९८८ मध्येच पेजर आणि तत्सम संपर्कसाधने शाळेत आणण्यास मनाई केली होती. त्या काळी पेजर बाळगणारा विद्यार्थी म्हणजे अमली पदार्थांच्या व्यवहाराशी संबंध असलेला, असा संशय घेतला जाई, आणि नियमामागे तीच भीती होती. पुढे मोबाइल फोन आले, घरोघरी पोहोचले आणि हा नियम त्यांनाही लागू झाला. पण बहुतेक मुख्याध्यापक फोन दप्तरात बंद राहिला तर त्याकडे काणाडोळा करत.

ही सामोपचाराची स्थिती २००६ च्या एप्रिलमध्ये संपली. महापौर मायकेल ब्लूमबर्ग आणि शाळांचे प्रमुख जोएल क्लाइन यांच्या प्रशासनाने शस्त्रे शोधण्यासाठी फिरती धातुशोधक यंत्रे पूर्वसूचना न देता वेगवेगळ्या शाळांत नेण्यास सुरुवात केली. चाकू-सुऱ्या थोड्या मिळाल्या, फोन मात्र ढिगाने. जप्त झालेला फोन परत मिळवण्यासाठी पालकांना कामावर रजा टाकून शाळेत यावे लागे.

पालकांचा संताप समजून घेताना एक गोष्ट विसरता येत नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी याच शहरात, शाळा भरलेल्या असताना, जुळे मनोरे कोसळले होते आणि आपले मूल कुठे आहे हे हजारो आईबापांना कित्येक तास कळले नव्हते. शिवाय न्यूयॉर्कची मोठी मुले शाळेच्या बसने जात नाहीत. ती भुयारी रेल्वे आणि शहरी बस बदलत, कधी तासाभराचा प्रवास करून एकटी शाळेत पोहोचतात. अशा पालकांना फोन ही चैनीची वस्तू वाटत नव्हती. मूल घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत त्याच्याशी जोडून ठेवणारा तो एकच धागा होता.

काही पालकांनी २००६ मध्ये न्यायालयात धाव घेतली. त्यांचे म्हणणे साधे होते: वर्गात फोन वापरण्यावर बंदी घाला, आमची हरकत नाही, पण फोन जवळ बाळगण्यावरच बंदी घातली तर शाळेत जाण्या-येण्याच्या वाटेवर मुलाची काळजी घेण्याच्या आमच्या अधिकारावर घाला येतो. २००७ मध्ये हा दावा फेटाळला गेला आणि २००८ मध्ये अपील न्यायालयानेही बंदी कायम ठेवली. न्यायालयाच्या तर्कातला एक मुद्दा कोणत्याही शिक्षकाने थांबून वाचावा असा आहे. फोन बाळगायला परवानगी आणि वापरायला बंदी, असा नियम केला तर तो मोडला जातो की नाही हे पाहण्याचे सारे ओझे शिक्षकावर पडते. चोरून पाठवलेला संदेश पकडणे, त्यावरून वाद घालणे, शिक्षा करणे यात शिकवण्याचा वेळ जातो. म्हणून फोन दारातच अडवणे हा प्रशासनाचा निर्णय तर्कहीन म्हणता येत नाही, अशी ती मांडणी होती. वर्गात उभे राहणाऱ्या माणसाला हे पटते. शेवटच्या बाकावर बाकाखाली वाकलेली मान दिसली की शिकवण्याचा धागा कसा तुटतो, हे मी रोज अनुभवते. नगरपरिषदेने २००७ मध्येच महापौरांचा नकाराधिकार डावलून, मुलांना वाटेत फोन बाळगता यावा यासाठी कायदा केला होता; परंतु शाळेच्या दाराच्या आत बंदी कायमच असल्याने त्या कायद्याचा प्रत्यक्षात फारसा उपयोग झाला नाही.

एक नियम, दोन दारे

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. कागदावर नियम सर्व शाळांना सारखा होता, पण शाळांची दारे सारखी नव्हती. शहरातील बहुसंख्य शाळांत कायमस्वरूपी धातुशोधक यंत्र नव्हते. तिथला अलिखित करार असा की फोन दिसला नाही, वाजला नाही, तर तो नाहीच असे समजायचे. चांगल्या वस्तीतील, नावाजलेल्या शाळांमधील मुले फोन दप्तरात घेऊन येत, मधल्या सुट्टीत गुपचूप पाहत आणि घरी जात. धातुशोधक यंत्रे मात्र सुमारे ९० इमारतींत कायमची बसवलेली होती. त्या इमारतींत शिकणारी मुले बहुतांशी गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांतील होती. नियम खऱ्या अर्थाने लागू झाला तो केवळ यांच्यावर.

आता हिशेब मांडून पाहावा. न्यूयॉर्क राज्यात शाळेचे वर्ष १८० दिवसांचे असते. रोज एक डॉलर म्हणजे वर्षाला १८० डॉलर. घरात दोन मुले माध्यमिक शाळेत असतील तर ३६०. २०१२ मध्ये न्यूयॉर्क पोस्ट या दैनिकाने सर्व मुलांचा मिळून हा खर्च वर्षाला सुमारे ४२ लाख डॉलर असल्याचे वृत्त दिले होते. ज्या घरांत शाळेतले मोफत जेवण हाच मुलाचा भरवशाचा आहार असतो, त्या घरांतून ही रक्कम जात होती, आणि ती शाळेला, वाचनालयाला किंवा प्रयोगशाळेलाही मिळत नव्हती. सरकारने नियम केला. त्या नियमामुळे निर्माण झालेली गरज भागवण्याची व्यवस्था मात्र सरकारने केली नाही, आणि ती पोकळी एका खासगी व्यवसायाने भरून काढली. व्हॅनवाल्यांना मी दोष देणार नाही. मागणी होती, त्यांनी सेवा दिली. दोष आहे तो मुलाला "फोन आणू नकोस" असे सांगून त्याच्या फोनचे काय करायचे हा प्रश्न रस्त्यावर सोडून देण्यात.

रस्त्यावर सोडलेल्या वस्तूचे काय होते, तेही लवकरच दिसले. २०१२ च्या जून महिन्यात ब्राँक्समधील एका शाळासंकुलाबाहेर उभी असलेली अशी एक गाडी शस्त्राच्या धाकाने लुटली गेली आणि मुलांचे शेकडो फोन गेले. मुले शाळेत वर्गात बसलेली, हाती क्रमांकाच्या चिठ्ठ्या, आणि दुपारी बाहेर आल्यावर चिठ्ठीच्या बदल्यात द्यायला कोणाकडे काहीच नाही.

हे वाचताना मला माझ्या आधीच्या शाळेतील एक प्रसंग आठवल्यावाचून राहिला नाही. दहावीतल्या एका मुलाचा फोन तासाला वाजला म्हणून वर्गशिक्षकांनी काढून घेतला आणि शिक्षक-कक्षातील कपाटाच्या खणात ठेवला. फोन वडिलांचा होता, हप्त्यावर घेतलेला, आणि त्यांचे आणखी सात हप्ते बाकी होते. मुलाने घरी सांगायला चार दिवस लावले. पाचव्या दिवशी वडील आले तेव्हा खणात फोन नव्हता. कोणी ठेवला, कधी ठेवला, त्या वेळी कपाटाला कुलूप होते का, याची कोठेही नोंद नसल्यामुळे कोणाकडेच उत्तर नव्हते. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून जमेल तेवढी भरपाई केली; परंतु त्या गृहस्थांनी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभे राहून "साहेब, तुम्ही घेतला म्हणजे तो तुमच्याकडे सुरक्षित, असं धरून चाललो मी," असे म्हटले, ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. मुलाकडून वस्तू काढून घेण्याचा अधिकार शाळेला आहे, हे मान्य; पण ज्या क्षणी ती शाळेच्या हातात येते त्या क्षणी शाळा तिची राखणदार होते.

मोकळीक आणि तिची किंमत

बिल डी ब्लासिओ यांनी महापौरपदाच्या प्रचारातच बंदी उठवण्याचे आश्वासन दिले होते. आपला स्वतःचा मुलगा शाळेत फोन नेतो, हे त्यांनी उघडपणे मान्य केले होते. महापौरांच्या घरातच नियम पाळला जात नसेल तर तो कोणावर चालतो, हे लोकांना वेगळे सांगण्याची गरज उरली नाही. जानेवारी २०१५ मध्ये निर्णय जाहीर झाला आणि २ मार्च २०१५ पासून बंदी उठली. शाळाप्रमुख कार्मेन फरिन्या यांच्या कारकिर्दीत आलेल्या ए-४१३ या नव्या विनियमात मोबाइल फोनबरोबरच लॅपटॉप, टॅब्लेट आणि गाणी ऐकण्याची साधने यांचाही समावेश होता. प्रत्येक मुख्याध्यापकाने शिक्षक आणि पालक यांच्याशी सल्लामसलत करून आपल्या शाळेचे धोरण ठरवायचे होते. फोन दप्तरात बंद ठेवणे, शाळेने नेमलेल्या जागी जमा करणे, जेवणाच्या सुट्टीत ठराविक ठिकाणी वापरू देणे किंवा शिक्षकाच्या सूचनेने अभ्यासासाठी वापरणे, असे पर्याय त्यांच्यापुढे ठेवलेले होते. परीक्षेत वापर वर्ज्य होता. धोरण न ठरवणाऱ्या शाळेत फोन आणता येई, पण तो नजरेआड ठेवावा लागे.

व्हॅनचा धंदा त्यामुळे बसला आणि रांगा संपल्या. हा बदल न्याय्य होता, असे मी ठामपणे म्हणेन. पण तो झाला त्याच वसंत ऋतूत, मे २०१५ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून इंग्लंडच्या चार शहरांतील ९१ शाळांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्याने हा विषय सोपा राहू दिला नाही. फोनबंदी केल्यानंतर सोळा वर्षांच्या मुलांच्या परीक्षेतील कामगिरीत सरासरी सुधारणा झाली, पण ती सर्वांत सारखी नव्हती. आधीपासून मागे असलेल्या मुलांचा लाभ सरासरीच्या दुपटीहून अधिक होता आणि वरच्या मुलांना बंदीने फरकच पडला नाही. म्हणजे लक्ष विचलित झाले तरी घरी भरून काढण्याची सोय ज्यांना असते, त्यांचे फोनमुळे फार बिघडत नाही. ज्यांचा सारा अभ्यास वर्गातल्या त्या पाच-सहा तासांवर अवलंबून असतो, त्यांचेच नुकसान होते.

हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की न्यूयॉर्कच्या जुन्या बंदीतला अन्याय नीट उलगडतो. ज्या मुलाला बंदीचा सर्वाधिक फायदा होण्याची शक्यता होती, त्याच मुलाकडून तिची किंमत रोज एक डॉलर याप्रमाणे वसूल केली जात होती. बंदीचा हेतू चुकीचा नव्हता. तिचा भार चुकीच्या खांद्यावर टाकलेला होता, आणि त्यामुळे हेतूवरचाच लोकांचा विश्वास उडाला.

पुढच्या दहा वर्षांचा आढावा थोडक्यात पुरेसा आहे. प्रत्येक शाळेने आपापला नियम केला आणि तो कधी पाळला, कधी नाही. काही शाळांनी चुंबकीय कुलपाच्या कापडी पिशव्या घेतल्या. मूल फोन पिशवीत घालून स्वतःजवळच ठेवते आणि सुटताना दारातल्या चुंबकावर ती उघडते. मार्च २०२० मध्ये महासाथीने शाळा बंद झाल्या तेव्हा शहराला तीन लाखांहून अधिक आयपॅड मुलांना पुरवावे लागले, आणि जे उपकरण काल वर्गाबाहेर ठेवायचे होते तेच वर्ग झाले. मुले शाळेत परतली ती फोनची सवय पक्की करून. २०२४ च्या उन्हाळ्यात शहराने पुन्हा बंदीचा विचार जाहीर केला आणि काही आठवड्यांतच आपण अजून तयार नाही म्हणून तो पुढे ढकलला.

दुसरी बंदी

अखेर निर्णय राज्याने घेतला. गव्हर्नर कॅथी होकल यांच्या पुढाकाराने २०२५ च्या अर्थसंकल्पाबरोबर संमत झालेल्या कायद्याने सप्टेंबर २०२५ पासून न्यूयॉर्क राज्यातील सरकारी शाळांत पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत, जेवणाची सुट्टी धरून, इंटरनेट चालणाऱ्या वैयक्तिक उपकरणांना मनाई झाली. शाळेने अभ्यासासाठी दिलेले लॅपटॉप आणि टॅब्लेट यातून वगळलेले आहेत. वरकरणी हे २००६ कडे परत जाणे वाटते, पण बारकाईने वाचल्यास कायदा करणाऱ्यांनी व्हॅनपुढची रांग लक्षात ठेवली होती असे दिसते. उपकरण कुठे ठेवायचे याची व्यवस्था शाळेने करायची आहे आणि त्यासाठी राज्याने १ कोटी ३५ लाख डॉलरची तरतूद केली. दिवसभरात पालकांना मुलाशी संपर्क साधता येईल असा मार्ग शाळेने लेखी कळवायचा आहे. वैद्यकीय गरज, अपंगत्व, भाषांतराची गरज किंवा घरातल्या कोणाची देखभाल करण्याची जबाबदारी असलेल्या मुलांना सवलत आहे. केवळ फोन वापरला एवढ्या कारणावरून मुलाला शाळेतून निलंबित करता येणार नाही, असेही कायद्यात स्पष्ट लिहिले आहे, आणि मला त्यातील हेच कलम सर्वांत मोलाचे वाटते.

ही बंदी कितपत यशस्वी होईल हे पुढे कळेल. पण पहिल्या आणि दुसऱ्या बंदीतला फरक आत्ताच स्पष्ट आहे: पहिलीत फोन शाळेच्या दाराबाहेर राहिला आणि त्याची चिंता मुलाने करायची होती, दुसरीत फोन दारातून आत येतो आणि त्याची जबाबदारी शाळा घेते.

आपल्याकडे हा विषय दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका केंद्रीय विद्यालयातील विद्यार्थ्याच्या प्रकरणातून आला. न्यायमूर्ती अनुप जयराम भंभानी यांनी फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस दिलेल्या निर्णयात सरसकट बंदी इष्ट नाही आणि व्यवहार्यही नाही असे म्हटले, वर्गातील वापरास मनाई असावी असे सांगितले, आणि शक्य असेल तिथे मुलांनी फोन शाळेत येताना जमा करून घरी जाताना परत घ्यावेत अशी दिशा दाखवली. धोरण पालक, शिक्षक आणि तज्ज्ञ यांच्या विचाराने ठरावे आणि शिक्षा न्याय्य असावी, फार कठोर नसावी, हेही त्यात आहे. महाराष्ट्रातील केंद्रीय विद्यालयांनाच नव्हे, तर आमच्यासारख्या अनुदानित शाळांनाही यातून पुष्कळ घेता येईल. "शक्य असेल तिथे जमा करावेत" या शब्दांत मात्र सारी अडचण दडलेली आहे. आमच्या शाळेत दोन पाळ्यांत मिळून नवशेच्या वर मुले येतात, निम्मी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून एसटीने. शेवटची गाडी रद्द झाली तर घरी कळवायला मुलीजवळ फोन हवा, ही आईची मागणी मला न्यूयॉर्कच्या पालकांच्या मागणीहून वेगळी वाटत नाही.

म्हणून यंदाच्या वर्षी आम्ही आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गासाठी एक वही केली आहे. फोन दिल्याची वेळ आणि मुलाची सही, घेणाऱ्या शिक्षकाची सही, परत घेतल्याची सही, असे तीन रकाने. वही चालली आहे, पण कुलूपबंद खणांचे कपाट अजून नाही. फोन मुख्याध्यापकांच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत राहतात. कपाटाच्या खर्चासाठी प्रत्येक मुलाकडून महिन्याला वीस रुपये घ्यावेत, अशी सूचना मागच्या सभेत एका सदस्याने मांडली आणि ती बऱ्याच जणांना वाजवी वाटली. मी त्या वेळी ब्राँक्समधल्या व्हॅनबद्दल आणि १८० डॉलरच्या हिशेबाबद्दल सांगितले, माझ्या आधीच्या शाळेतील त्या वडिलांबद्दलही सांगितले, आणि कपाटाचा खर्च शाळेने करावा, मुलांकडून एक रुपयाही घेऊ नये, अशी लेखी सूचना दिली. दोन्ही सूचना पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर एकाखाली एक आहेत.